एनिमा कुठल्या स्टेटला?

आमच्या घरात दुःखं मोठी होती. त्यातलं सगळ्यात जुनं १९५६ सालचं. त्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. अप्पा तेव्हा दहा वर्षांचे होते. ते रुसले ते रुसलेच. भिंतीवरच्या कालनिर्णयात देवादिकांचे वार कुणी नाही पाळले तरी चालायचं, पण १ नोव्हेंबरचा काळा दिन, १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात १९८६ साली माणसं गेली तो १ जून, हे तीन दिवस चुकायचे नाहीत. १ जूनला अप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जायचे. आईही चहा न घेता त्यांची वाट बघत बसायची.

अशा घरात मला एम-थ्री राहिल्याचं दुःख होतं.

एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं गणित. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ साली आमच्याच गावात आलं. पण विद्यापीठ दाराशी आलं म्हणून पेपर सोपा येत नाही. निकालाच्या दिवशी मी तोंड पाडून बसलो होतो, तर अप्पा ताटावरून न उठता म्हणाले, "आमची माणसं गोळ्या खाऊन मेली. तू एम-थ्रीचं काय घेऊन बसलास?" खरंच होतं. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. लाजच वाटली. फक्त एम-थ्री काही त्यामुळे सुटला नाही.

ती कॅसेट घरात आली ती त्याच पावसाळ्यात, २००० साली. आणली वर्गातल्या एका गोव्याच्या पोरानं. गोव्याची बरीच पोरं बेळगावात शिकायला असायची, अनमोड घाटानं, लोंढा-खानापूरमार्गे यायची, येताना काजू आणि इतर गोष्टी आणायची. आमच्यात नावापेक्षा गावानं हाक मारायची पद्धत, म्हणून तो गोवेकर. ब्लिंक-१८२ नावाच्या अमेरिकन बँडची कॅसेट. मुखपृष्ठावर नर्सच्या वेशातली एक बाई हातात निळा रबरी मोजा चढवतेय, आणि तिचे डोळे असे की कॅसेट घरात लपवूनच ठेवावी लागावी. मी ती तांदळाच्या डब्यामागे ठेवली.

लाइट गेले. अप्पा टॉर्च शोधायला गेले. त्यांच्या हाताला टॉर्च लागला आणि कॅसेटही. टॉर्चच्याच उजेडात त्यांनी ती वाचली. अप्पा रविवार पेठेत एका अडत दुकानावर दिवाणजी होते, त्यांचं इंग्रजी पावतीपुस्तकापुरतं, पण अक्षर न् अक्षर लावून वाचायचे. "एनिमा. ऑफ. द. स्टेट." बाईकडे त्यांनी बघितलंच नाही, निदान मला तसं दिसलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी अत्यंत गांभीर्यानं विचारलं:

"कुठल्या स्टेटला देऊलालेत?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या घरात हा प्रश्न चेष्टेचा नव्हता. 'स्टेट' हा शब्द उच्चारला की कुठलं, हे विचारणं भाग होतं. आज एवढ्या वर्षांनी वाटतं, त्या अल्बमच्या नावावर जगात कुणी केली नसेल इतकी नेमकी समीक्षा अप्पांनी तीन शब्दांत केली.

नावातली गंमत तशी पोरकट आहे. इंग्रजीत राजद्रोह्याला 'एनिमी ऑफ द स्टेट' म्हणतात, राज्याचा शत्रू. यांनी एनिमीचं शेवटचं अक्षर बदलून एनिमा केला. शत्रूची बस्ती झाली. अल्बममध्ये पुढे एका गाण्याच्या नावात डिसेंटरी, आपली हगवण, हीही आहे, म्हणजे दोन्ही टोकांची सोय केलेली. आणि याच जातीच्या संगीतातला आधीचा सगळ्यात गाजलेला अल्बम, ग्रीन डे या बँडचा १९९४ सालचा 'डूकी', त्या शब्दाचा अर्थही शी असाच होतो. पॉप पंक, म्हणजे ही संगीताची जात, आणि पोट यांचं नातं काय, हा खरं तर पीएच.डी.चा विषय आहे. आमची आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिला मी घाबरत घाबरत मुखपृष्ठ दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मोजा असा मनगटाला ताणून नाही घालत. फाटतो." बाकी काही नाही. मूळ मुखपृष्ठावर त्या नर्सच्या टोपीला लाल क्रॉस होता, तो नंतरच्या आवृत्त्यांतून काढून टाकला गेला. आत्याला तो क्रॉस नाही खटकला. मोजा खटकला.

बारा गाणी, सगळी मिळून जेमतेम पस्तीस मिनिटं. आमच्या बसस्टँडवरून वेंगुर्ल्याची गाडी सुटायला तेवढाच उशीर व्हायचा. तिघेच वाजवणारे: बेस आणि गळा मार्क हॉपस, गिटार आणि गळा टॉम डिलाँग, ड्रमवर ट्रॅव्हिस बार्कर. बँड १९९२ सालचा, सॅन दिएगोजवळच्या पोवे नावाच्या उपनगरातला; बार्कर मात्र १९९८ मध्ये येऊन मिळालेला. निर्माता जेरी फिन, ज्याचा हात 'डूकी'च्या मिक्सिंगलाही लागला होता. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की ही माणसं भयंकर वेगात, नाकात, हसत हसत रडतायत.

आणि रडतायत कशाबद्दल? पोरगी सोडून गेली. कॉलेजला गेल्यावर दोघं लांब पडणार. परग्रहावरचे लोक खरे आहेत, पण कुणी विश्वास ठेवत नाही. (डिलाँगचं हे वेड पुढे इतकं वाढलं की उडत्या तबकड्यांच्या शोधासाठी त्यानं कंपनीच काढली. त्या कंपनीनं लोकांपुढे आणलेल्या अमेरिकी नौदलाच्या चित्रफिती २०२० साली पेंटॅगॉननं अधिकृतपणे जाहीर केल्या. शाळेत फळ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघणाऱ्या पोरांना अधूनमधून असा निकाल मिळतो.) एकही हुतात्मा नाही, एकही मोर्चा नाही. पंक म्हणजे व्यवस्थेविरुद्ध ओरडणारं संगीत असं मी कुठंतरी वाचलं होतं. इथे व्यवस्थेचा पत्ताच नव्हता, नावातला तो एनिमा सोडला तर. आपलं बारकं दुःख कुणाच्याही मोठ्या दुःखाची परवानगी न घेता, दोन-अडीच मिनिटांत, मोठ्यानं, चालीवर म्हणता येतं, हे मला त्या कॅसेटनं पहिल्यांदा दाखवलं. आमच्या घरात ती सोय नव्हती. आमच्या गावातच नव्हती.

मग अर्थात आम्ही बँड काढला.

गोवेकर गिटारवर, कारण गिटार त्याची. गोकाकचा एक कन्नड पोरगा बेसवर. बेस नव्हता, म्हणून साध्या गिटारच्या वरच्या दोन तारा काढून काम भागवलं. ड्रमवर वडगावचा मित्र, ज्याच्या घरी हातमाग जाऊन यंत्रमाग आले होते. मी गायचो, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. तालीम त्या मागाच्या शेडमध्ये. ही जागा फार विचारपूर्वक निवडलेली होती: चार माग खटॅक-खटॅक चालू असताना पाचवा आवाज कुठला, हे शेजाऱ्याला कळत नाही. अँप्लिफायर गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा, आरतीचा. त्याचं बटण शेवटपर्यंत पिळलं की आवाज आपोआप फाटायचा. लोक त्यासाठी पैसे मोजून यंत्रं विकत घेतात असं गोवेकर सांगायचा, आमच्याकडे ते बाप्पाच्या कृपेनं फुकट होतं.

वडगावकरनं ड्रमसेट कधी पाहिलाही नव्हता. तो झांजपथकात ताशा वाजवायचा. बेळगावची शिवजयंती वैशाखातली, चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, आणि हा गडी रात्रभर ताशा बडवून पहाटे मागावर बसायचा. त्यानं बार्करचं वादन तीनदा ऐकलं आणि म्हणाला, "ह्यो मिरवणुकीतला माणूस हाय गा." आम्ही हसलो. पुढे कधीतरी वाचलं की बार्कर कॅलिफोर्नियातल्या फोंटाना नावाच्या गावचा, शाळेच्या संचलनाच्या बँडमध्ये स्नेअर ड्रम वाजवून तयार झालेला. चालता चालता गळ्यात अडकवून वाजवायचा ड्रम. वडगावकरला कानानं जे कळलं ते मला वाचून कळायला दहा वर्षं लागली.

दुसरा शोध माझ्या मामानं लावला. मामा हार्मोनियम वाजवायचा, भजनी मंडळात. एकदा गोवेकर आमच्या माडीवर वाजवत असताना मामा वर आला, पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं, आणि विचारलं, "ह्यात गंधार कुठाय?" गोवेकरला कळेना. मामानं पेटीवर दाखवलं. या संगीतातला जो मुख्य ठोकळा, ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, त्यात फक्त दोन स्वर असतात: षड्ज आणि पंचम. मधला गंधार काढून टाकलेला. गंधार शुद्ध असला तर कॉर्ड हसरी, कोमल असला तर उदास; गंधारच नसला तर ती हसतेय की रडतेय ते ठरत नाही. आवाज फाडून वाजवायचा असला की गंधार मधे कचकच करतो, म्हणून तो गाळतात, हे तांत्रिक कारण. पण मामाचं म्हणणं वेगळंच होतं. "हा तर तंबोरा झाला," तो म्हणाला. "तंबोऱ्यातपण सा आणि प. गंधार गाणाऱ्यानं आणायचा." मग बोलणं साहजिकच घसरलं ते सुळेभावीकडे, कारण बेळगावात गंधार म्हटलं की कुमार गंधर्व येणारच; १९२४ साली जन्मलेला इथल्याच सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ, घरची भाषा कन्नड, नाव महाराष्ट्रात झालं, आयुष्य काढलं मध्य प्रदेशात देवासला. त्याला कुठलं स्टेट, हे अप्पांनीही कधी विचारलं नाही.

पण मामाची ती गोष्ट या अल्बमपुरती मला खरी वाटते. वाद्यं काही ठरवत नाहीत. हसू की रडू, ते गळा ठरवतो. आणि हॉपस-डिलाँगचे गळे दर दोन ओळींनी मत बदलतात.

गॅदरिंगला नाव दिलं तेव्हा खरी पंचाईत झाली. आमच्याकडे कार्यक्रमाच्या यादीत मराठी किती, कन्नड किती, हे मोजलं जायचं. उघड नियम नव्हता, पण मोजलं जायचं. सरांच्या हातातल्या कागदावर दोन रांगा असायच्या. हिंदी गाणी दोन्हींच्या मधली, कुणालाच न दुखवणारी. "तुमचं कुठल्यात लिहू?" सरांनी विचारलं. मी आणि गोकाककर एकमेकांकडे बघत राहिलो. गोवेकर म्हणाला, "इंग्लिश, सर." सरांनी कागदाच्या अगदी खाली, रांगांच्या बाहेर, लिहिलं. त्या कागदावर आम्ही जिथे होतो तेवढी मोकळी जागा मला बेळगावात पुन्हा फारशी मिळालेली नाही.

गायलो 'ऑल द स्मॉल थिंग्ज'. शब्दांतले निम्मे मी चुकीचे म्हटले, कारण कानानंच उतरवून घेतले होते. डिलाँगनं ते आपल्या मैत्रिणीसाठी लिहिलेलं. तिनं त्याच्यासाठी जिन्यात गुलाब ठेवले, एवढीशी गोष्ट त्यात आहे. पण त्याचा प्राण आहे तो मधला 'ना ना ना'चा भाग, ज्याला भाषा लागत नाही. पहिल्या फेरीला मागच्या बाकांवरून दोनचार आवाज आले, दुसऱ्या फेरीला सगळं सभागृह. गोकाककर नंतर वडापाव खाताना म्हणाला, मराठी पोरं 'ना ना' म्हणजे नको नको म्हणाली, आणि आमच्या कन्नडमध्ये 'ना' म्हणजे मी, तर आमची पोरं मी, मी, मी म्हणाली. त्याला हे फार आवडलं होतं. आठवडाभर सांगत फिरला.

हाच गोकाककर पुढच्या सहामाहीला तालमीला यायचा बंद झाला.

त्याचे चार विषय राहिले होते, वर्ष जाणार होतं. घरी सांगितलं नव्हतं. होस्टेलच्या खोलीवर गेलो तर पडून असायचा, वॉकमन कानाला, आणि एकच गाणं, पेननं रीळ मागे फिरवून पुन्हा पुन्हा. बॅटरी वाचवायला आम्ही सगळेच पेननं रीळ फिरवायचो, म्हणून त्यात वावगं वाटलं नाही. गाणं होतं 'अ‍ॅडम्स साँग'. आम्ही ते कायम ओलांडून पुढं जायचो. अल्बममध्ये डिसेंटरीच्या लगेच नंतर येतं, चार मिनिटांहून लांब, संथ, त्यात पियानोबियानो. आमच्या दृष्टीनं ते कंटाळवाणं. त्याला आम्ही चिडवलंसुद्धा: "काय रे, कीर्तन ऐकतोस?"

शब्द मी नंतर बसून उतरवले, यावेळी नीट. हॉपसनं ते दौऱ्यांवरच्या एकटेपणातून लिहिलं. जगायची इच्छा संपत आलेला एक मुलगा घरच्यांना निरोप लिहितोय, आणि त्या निरोपात त्याला काय आठवतं, तर लहानपणी बोळात सांडलेला सफरचंदाच्या रसाचा पेला. आईला सांगा, तिची चूक नव्हती. आयुष्याचा हिशेब मांडताना त्याच्या हाताला एवढंच लागलं. मी वही घेऊन बसलो होतो तिथेच बसून राहिलो. एम-थ्री, सांडलेला पेला, सोडून गेलेली पोरगी. माणसं असल्याच गोष्टींनी बुडतात, आणि आम्ही 'काय घेऊन बसलास' म्हणतो. बाकीच्या अकरा गाण्यांची टिंगलटवाळी या एका गाण्याभोवती भिंतीसारखी उभी केली होती की काय, असं वाटलं. त्या गाण्याचा शेवट मात्र उजेडाकडे वळतो, हेही खरं. उद्याची भाषा येते. गोकाककरनं तो शेवट ऐकला होता की त्याआधीच रीळ फिरवत होता, कोण जाणे.

आम्ही काही थोर केलं नाही. तिघं त्याच्या खोलीवर जाऊन बसायला लागलो, रोज, आळीपाळीनं, अभ्यासाच्या नावाखाली. वडगावकर डबा आणायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी गोकाककर म्हणाला की घरी सांगायचंय, पण कसं सांगू. तेव्हा अप्पांना मी हे सगळं सांगितलं, म्हणजे सांगावंच लागलं, कारण त्याच्या घरी फोन करून अस्खलित कन्नडमध्ये बोलू शकेल असं वयस्क माणूस आमच्यात दुसरं नव्हतं. रविवार पेठेत तीस वर्षं काढलेल्या माणसाचं कन्नड गोकाकच्या बाजारात चालेल असं होतं. अप्पा एसटीडी बूथवर गेले. काचेआड पाऊण तास बोलले. मला बाहेरून फक्त हात हलताना दिसले. आले ते बिल देऊन तरातरा पुढं चालायला लागले. काय बोललात विचारलं तर म्हणाले, "त्यांना म्हटलं, आमच्यापण पोराचं गणित राहिलंय." एवढंच.

गोकाककर वर्षभरानं माझ्याबरोबरच पास झाला. आता हुबळीला आहे, टक्कल पडलंय, मुलगी मेडिकलला.

तेविसाव्या वर्षी काय वाटतं यावर त्या अल्बममध्ये एक गाणं आहे, 'व्हॉट्स माय एज अगेन'. वय वाढलं तरी वागणं वाढत नाही, अशी तक्रार. हॉपसनं त्याला आधी, गोष्टीतल्या कधीच मोठ्या न होणाऱ्या मुलावरून, 'पीटर पॅन कॉम्प्लेक्स' असं नाव दिलं होतं, कंपनीनं बदलायला लावलं. बेळगावात तेविसाव्या वर्षी प्रश्न वयाचा नसतो. पुणे की बेंगळूर, हा असतो. मी पुण्याला गेलो. तिथं 'तुम्ही कर्नाटकचे ना?' ऐकलं. मग दोन वर्षं बेंगळूर. तिथं 'यू आर मराठी, नो?' शेवटी परत आलो आणि उद्यमबागेत एका फाउंड्रीत लागलो, अजून तिथंच आहे. ओतकाम करणाऱ्याला स्टेट विचारत नाहीत, टनाचा भाव विचारतात. मधल्या काळात, १ नोव्हेंबर २०१४ ला, गावाचं इंग्रजी नाव बदलून बेळगावी झालं. मराठीत आम्ही बेळगावच म्हणत होतो, कन्नड माणूस बेळगावीच म्हणत होता, म्हणजे बदललं ते फक्त दुकानांच्या पाट्यांचं इंग्रजी. तरी अप्पा आठवडाभर जेवले नाहीत नीट.

हल्ली माझी मुलगी तीच गाणी फोनवर ऐकते, तिच्या वर्गात म्हणे ते पुन्हा चालू झालंय. परवा पहिलंच गाणं लागलं आणि मी फोन काढून घेतला. त्यात पोरगी कुत्र्यासारखी शिकवून तयार करता येईल अशी हवी, अशा अर्थाचं काहीतरी आहे. विशीत ते मला विनोदी वाटलं होतं. तिच्यासमोर नाही वाटलं. तिनं फोन परत मागितला. म्हणाली, "बाबा, तो मूर्ख आहे हे कळतं की आम्हाला. म्हणून तर हसतो." असेल. माझं अजून पटलेलं नाही. आणि ती अर्ध्यावर सोडून देते ते गाणं कुठलं, तर 'अ‍ॅडम्स साँग'. मी काही बोललो नाही.

तो अल्बम १ जून १९९९ ला बाहेर आला, हे मला त्या दिवशी तिच्या फोनवर दिसलं. त्या १ जूनलाही अप्पा हिंडलग्याला गेलेले असणार, पांढरा शर्ट घालून.

मागच्या पावसाळ्यात अप्पांना दवाखान्यात ठेवावं लागलं. खुब्याचं हाड. आठ दिवस पडून राहिल्यानं पोट तटलं, औषधांनी हलेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले एनिमा देऊन टाकू. दुपारी नर्स आली. बावीस-तेवीसची असेल, सौंदत्तीकडची. ट्रॉली ढकलत आली आणि आमच्याकडे पाठ करून हातमोजा चढवायला लागली. मनगटाला ताणून. आत्या असती तर बोलली असती.

अप्पा तिच्या हाताकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं.

"काय रे," ते म्हणाले, "कुठल्या स्टेटचा?"

मला हसू आवरेना. भिंतीला धरून उभा राहिलो. नर्स थांबली, एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "अज्जा एनंद्रु?" आजोबा काय म्हणाले? तिला सांगायला मी तोंड उघडलं, आणि कुठून सुरुवात करायची तेच कळेना. शेवटी अप्पाच तिच्याशी कन्नडमधून काहीतरी बोलले, बऱ्याच वेळ, हळू आवाजात, आणि तीही तोंडावर मोज्याचा हात धरून हसायला लागली.